यंत्राचा आराम

धाराशिवच्या स्टँडवर ताहेराबी जळकोटच्या गाडीची वाट बघत होत्या. त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यातले दोघं शेजारी येऊन टेकले: व्यवस्थापक रामलिंग सर आणि कॉम्प्युटर सांभाळणारी प्रतीक्षा. टेकताच जुंपली.

"रिपोर्ट साठवायचं मोठं मशीन जळालं तर जळू दे. बॅकअपमधून परत आण की सगळं."

"आणलं, सर. दसऱ्यापर्यंतचंच आलं."

"पुढचं कुठं गेलं?"

"दसऱ्याला तुम्ही बॅकअपच्या मशीनला हार घातला, अन् यंत्राला आराम म्हणून बंद केलं. संक्रांत आली तरी ते आरामच करतंय."

"मग सॉफ्टवेअरनं सांगायचं ना!"

"रोज सांगत होतं. लाल अक्षरात, तुमच्याच मेलवर."

"मला वाटलं जाहिरात हाय. बरं, पेशंटला सांग, कंपनीचं सॉफ्टवेअर बिघडलं."

"न्हाय सांगणार."

"प्रतीक्षा, नोकरी करायची न्हाय का?"

"करायची हाय, म्हणूनच. आजपासून बॅकअपची एक कॉपी वाशीच्या शाखेत राहील. दर महिन्याला त्यातनं रिपोर्ट परत काढून बघणार. अन् त्या मशीनच्या बटणाला कुणी हात लावायचा न्हाय. पूजा लांबूनच करा."

"साहेब तू का मी?"

"तुम्हीच. पण खोटं मी बोलणार न्हाय."

ताहेराबींना राहवलं नाही.

"बेटी, दिवाळीनंतर आमच्या यांचं रक्त तपासलं होतं तिथं. तो रिपोर्ट हाय ना?"

"चाची, त्या सॉफ्टवेअरमध्ये जरा..." रामलिंग सर पुढं सरसावले.

"गेला, चाची. आमच्या चुकीनं गेला. उद्या चाचांना घेऊन या, परत तपासू. कुणी पैसे मागितले, तर तिथूनच मला हाक मारा. मोठ्यानं."