हातोडीचे ठोके

आमच्या गावच्या सभागृहात जुन्या वस्तूंचा पारखी आला होता. बाळ बाबागाडीत नुकतंच झोपलं होतं, म्हणून मी रांगेत निमूट उभी होते. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"बघ ना विनी, तुझा चांदीचा ब्रोच कसा चमकतोय. वाढदिवसाआधी पॉलिशवाल्याकडून सगळे पोचे काढून घेतले."

"पोचे नव्हते ते, क्लिफर्ड. हातोडीचे ठोके होते. हातानं घडवलाय हे दिसावं म्हणून कारागिरानं मुद्दाम ठेवलेले."

"मला वाटलं, घाईघाईत केलाय."

"हो ना. शंभर वर्षं बिचारा तुझ्या दुरुस्तीची वाट बघत होता."

"पारखी काय म्हणतो ते तर ऐकू."

"ऐकू की. मी नुसती तीस वर्षं ब्रोच जमवतेय, मला काय कळतंय."

"एकच तर गेला. अजून अठरा आहेत."

"आहेत कपाटात, म्हणून तर तुझ्याशी बोलतेय."

"कपाटात नाहीत. काल त्याच पॉलिशवाल्याकडे दिले."

"कामाला कधी हात लावणार होता तो?"

"आज, दुकान उघडल्या उघडल्या. अगं, निघालीस कुठे? पुढचा नंबर आपलाच आहे."