कोहळ्याच्या फोटोला शेंदूर

मी, गोपिका गजेंद्र उगेमुगे, वय ५४ वर्षे, धंदा भाजीपाल्याची शेती व विक्री, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

माझे वडील कै. महादेवराव ढोले यांनी देवळीत पहिला फोटो स्टुडिओ काढला. पोटासाठी ते लग्नाचे फोटो काढत. जीव मात्र भाजीत. वळलेले कारले, वांग्याचे देठ, कधी कपाशीचे फुटलेले बोंडही, यांचे काळेपांढरे फोटो ते खिडकीच्या उजेडात घेत. लोक हसत. मला त्या कारल्यावरून हात फिरवावासा वाटे, अजूनही वाटतो.

त्यांतील कोहळ्याच्या फोटोची काच तडकली म्हणून तो बाजारातील फ्रेमवाले किशोर लाखे यांच्याकडे टाकला. निगेटिव्ह बुरशीने गेली, दुसरी प्रत नाही, हे त्यांना बजावून सांगितले होते. तरी त्यांनी काच काढून फोटो दुकानात समोरच उभा केला.

मंगळवारी चतुर्थी होती. आमच्या गल्लीतल्या धुरपताबाई दुकानावरून जात असता त्यांना कोहळ्यात गणपती दिसला. त्यांनी शेंदूर लावला. मग रांगच लागली. मी पोचले तेव्हा नारळ फुटत होते. हे कोहळे आहे, असे मी घसा बसेपर्यंत सांगितले. कोणी ऐकेल तर शपथ. धुरपताबाई म्हणाल्या, "तुह्या बापाले देव दिसला, तुले काऊन दिसत नाई?" फोटो परत मागितला तर किशोर म्हणाले, "आता देवाले मी कसा उठवू, ताई?"

आज तक्रार देताना, दुकानात मी मोबाइलवर टिपलेला तो शेंदूर लागलेला फोटो पाहून हवालदारसाहेबांनीही हात जोडले. हे जबाबात घ्या म्हटले, त्यांनी घेतले.

कोहळ्यावरची पांढरी भुकटी जशीच्या तशी यावी म्हणून वडील कोणाला हात लावू देत नसत. हा फोटो काढला त्या दिवशी आईने कोहळे उचलून खिडकीत ठेवले आणि भुकटीवर तिची बोटे उमटली. वडील चिडले, पण कोहळे बदलले नाही. आई कधीच कॅमेऱ्यासमोर बसली नाही. घरात तिचा एकही फोटो नाही. लोकांनी शेंदूर भरला तो नेमका आईच्या बोटांवर.

मला कोणाला अटक नको. फोटो परत हवा. शेंदूर कोणी पुसू नये, माझा मी बघेन.

जबाब वाचून दाखवला. त्यात शेंदूर 'सोंडेवर' भरला असे लिहिले होते, तिथे 'आईच्या बोटांवर' असे करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.