अंदाजे साठ

बायकोच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी निजामपुऱ्यातल्या संगणक केंद्रात बसलो होतो. माझ्या पुढे दिघाशी गावचे एक म्हातारे त्याच कामाला आले होते. संगणकावरची मुलगी त्यांचा फॉर्म भरत होती.

"बाबा, मैनाबाईंची जन्मतारीख सांगा."

"अंदाजे साठ लिव, पोरी."

"तारखेशिवाय फॉर्म पुढे जात नाही. अंदाजे वयाची सोय करा, असं मी दोनदा कळवलंय."

"एवढं शिकलेलं मशीन, त्याला अंदाज कळत न्हाय? माजी एक जून हाय. मास्तरानं वर्गात सगळ्यांना तीच लावली."

"त्यांचीही तीच टाकू?"

"दर एक जूनला ती माज्यासाठी शिरा करायची. तिचा दिवस कोनता, मी कदी इचारलंच न्हाय."

"बाबा, टाकू ना?"

"टाक. तिला चालंल. तिला सगळंच चालायचं."