चातुर्मासातल्या शेवया

निजामाच्या गाडीची वाट पाहत मी नांदेड स्टेशनवरच्या जनानी खोलीत बसले होते. शेजारच्या बाकावर दोघी मैत्रिणी बोलत होत्या.

“विशाखा, तू खामखा भ्यालीस. हॉटेलातली मजा हुकली तुझी.”

“हळू बोल. पडदा तरी होता का तिथं?”

“हाव. बायांसाठी पडदे लावून खोल्याच केल्यात. मी न् आमच्या वाड्यातली चंद्रप्रभा बसलो, अन् कांदा घातलेल्या तिखट शेवया मागवल्या.”

“चातुर्मासात कांदा? तुझ्या सासूबाईंना कळलं तर?”

“ऐक तर. शेजारच्या पडद्याआडून आवाज आला, ‘मला एक प्लेट शेवया आण, पण कांदा घालू नको. चातुर्मास हाय.’”

“कोण होतं?”

“सासूबाईच. घरी कीर्तनाला जाते म्हणून सांगून निघाल्या होत्या.”

“अगं बाई. मग?”

“तोंडात पदर कोंबून बसले. त्या गेल्यावरच आम्ही बाहेर पडलो.”

“म्हणजे वाचलीस.”

“मलाबी तसंच वाटलं. संध्याकाळी पानं घेतली, तर म्हणाल्या, ‘सौदामिनी, मला भूक न्हाई. पुढच्या कीर्तनाला तूबी संगं चल. पण मी असताना कांदा खायचा न्हाई.’”