आबांचा होडीचा परवाना

हॅलो?… हॅलो, कोन?… स्वरूपा व्हय? आगं, जरा मोठ्यानं बोल, हितं कढईत चिलापी चरचरतीया, काय आयकू येईना…

आँ?… आगं, रडतीस कशापायी? काय झालं?… कसला व्हिडिओ?… कुनी टाकला?…

‘बापूसाहेब बुडाले’? आसं लिवलंय खाली? कोन मेलं ते लिवनारं!… न्हाय गं बाई, न्हाय बुडालं. आबा हायत. धडधाकट हायत. ह्ये काय, दारात बाजंवर बसल्यात, टावेलानं डोस्कं पुसत्यात… व्हय, शप्पत. तुज्या गळ्याची शप्पत… देते की, थांब. आवो, पोरीशी बोला जरा, घाबरलीया ती… न्हाय म्हनत्यात. कानात पानी गेलंय म्हनं, आयकू येत न्हाय.

आता तरी पटलं का? मगाशी आवाज आला न्हवं त्येंचा?… हां. मंग डोळं पूस. आनि सौरभला, आमच्या जावयाला, सांग, गाडी काढू नगं. जळोचीपासनं हितवर उगं उन्हाचं याचं कशाला…

आगं, परीक्षा हुती ती. बुडनं न्हवं. होडीच्या परवान्याची परीक्षा.

व्हय, आबांची. ह्या वयात… ऐक तर. नवा नेम आलाय. निसतं जाळं टाकायचं आसंल तर कुनी इचारत न्हाय. पर मानसं बसवून न्यायची आसतील, ती पुन्यावरनं येत्यात बघ, लांबलचक गळ घिऊन, न्हायतर पक्षी बघायला, तर होडीची तपासनी पायजे, मानसागनिक जाकीट पायजे, आनि चालवनाऱ्याच्या नावचा परवाना पायजे. परवाना नसला की होडी काठाला साखळीनं बांधून टाकत्यात. गेल्या महिन्यात आपल्या काठाच्या दोन बांधल्या… मंग! सीझन तोंडावर आला आनि आपलं त्येच्यावरच चालतंय.

आता तूच सांग, आबांना काय आवघड? सगळ्या काठाला म्हाईत हाय, उजनीच्या पान्यावर बापूसाहेबांसारखा हात न्हाय. मी म्हनलं, जावा, देऊन या. तर काय म्हनलं म्हाईत हाय? “म्या न्हाय जायचो.” का? तर, न्हाय जायचो. येवढंच. दोन घास खायाचे आनि भिताडाकडं तोंड करून पडायचं…

तसंच वाटलं गं मला बी! मला वाटलं, आकड. उभा जनम पान्यावर काढला, आनि आता कुनीतरी कालचं पोर येऊन आपल्याला पास-नापास करनार. म्या बी लई तोडून बोलले. म्हनलं, तुमच्या आकडीपायी चूल इझंल. तर एक दिवस बघते तर तो रविराज आलेला, पल्याडच्या काठाचा. इंजिन सुरू करून बघतोय, हात फिरवून बघतोय. मी म्हनलं, ह्यो का आलाय? तर आबा म्हनलं, “होडी इकतोय.”

…आगं, तुला कशी सांगनार? मलाच तवा कळलं! तू तितं रडली आसतीस, आनि हितं मी.

थांब, मासा परतू दे… हां. बोल… न्हाय इकली. ऐक की. रविराज गेला. आबा होडीतच बसून ऱ्हायलं, काठाला बांधलेल्या होडीत, पान्याकडं तोंड करून. मी गेले तनतनत. म्हनलं, मला कारन सांगा, न्हायतर मी वडगावला निघाले म्हायेराला. आता म्हायेरात कोन बसलंय माजं, पर म्हनलं आपलं. तर मागं वळून न बघताच म्हनलं, “सारजा, परीक्षेत पवायला लावत्यात.”

मी म्हनलं, मंग?

तर म्हनलं, “मला पवता येत न्हाय.”

…स्वरूपा? हायेस का?… आगं, हास की मोकळ्यानं, मी बी हासले. लई हासले बाई, काठावर बसून हासले. मला वाटलं, थट्टा करत्यात. आनि मंग त्येंचं तोंड बघितलं.

हासू गेलं माजं. तू बारकी आसताना ते वावधान आलतं, ध्यानात हाय? घरावरचं पत्रं उडालं ते?… त्या दिशी आबा पान्यावरच हुतं. समद्या बाया काठावर जाऊन रडत हुत्या, आनि मी घरात तुमची पांघरुनं वाळवत हुते. शेजारीन म्हनली, सारजा, तुला काळजी न्हाय का गं? मी म्हनलं, त्यो पान्यातलाच मानूस हाय, त्याला काय हुतंय. आशी बोलले मी. इतकी वर्सं रोज सकाळी भाकरी बांधून दिली, आनि एक दिवस वाट बघितली न्हाय गं मी त्येंची. घोर लावून घेतलाच न्हाय कदी. आनि हा मानूस रोज जीव मुठीत धरून…

न्हाय, रडत न्हाय. कढईचा धूर हाय.

का सांगितलं न्हाय म्हनजी? मी बी त्येच इचारलं. तर म्हनलं, ल्हानपनी पोरांनी हिरीत ढकललं हुतं, तवापासनं भ्या बसलं. तवा काय, नदीला उन्हाळ्यात गुडघाभर पानी, पवायची गरज कुनाला? मंग धरान झालं, पानी आलं, पोटाला मासं धरायला लागलं. सगळ्यांनी धरूनच चाललं की ह्येला येतच आसनार. म्हनलं, “पयल्या दिशी न्हाय सांगितलं, मंग दुसऱ्या दिशी काय सांगायचं?” आनि खरंच गं. आपन तरी कदी इचारलं?

हां, आता खरी मजा ऐक. मी कुटली? वडगाव निंबाळकरची. कालव्यात आनि हिरीत वाढलेली. आमच्या दादानं सगळ्या पोरींना पाठीला डबा बांधून हिरीत सोडलं हुतं, भाऊ बी माज्यामागं पडायचं. मी म्हनलं, उठा. मी शिकवते.

…आगं, तेच! तवाच! तू फोन केलतास आनि मी म्हनलं, रंगूआत्याचं गुडघं धरल्यात, आमी बावड्याला मुक्कामी हाय… खोटं बोलले तुज्याशी. आत्याचं गुडघं चांगलं ठनठनीत हायत. तिच्या ऊसातल्या हिरीवर आमची शाळा भरली हुती. आपल्या काठाला शिकवलं आसतं तर सगळ्या गावानं बघितलं आसतं की.

कसली शाळा बाई! पयल्या दिशी तर पायरी सोडंनात. कासवावानी मान आत घिऊन बसलं. मी पान्यात, पदर खोचून, आनि ह्ये पायरीवर. आत्या वर राखनीला उभी. कोन बी आलं की वरडायची, “हितं येऊ नगा, नाग निघालाय!” त्या पायी दोन गड्यांनी ऊस सोडला आनि काठ्या घिऊन आलं, नाग मारायला… व्हय गं! मंग आबांना पायरीखालच्या देवळीत लपीवलं, ओल्या चड्डीवर. आत्या त्यास्नी बांधाबांधानं नाग दावीत लांब घिऊन गेली…

शिकलं गं. शिकलं. पाठीला रिकामा क्यान बांधला, हनुवटीखाली मी हात धरला. मला म्हनायचं, “सोडू नगंस हां.” लगीन झाल्यापास्नं ह्या मानसानं मला कदी काय मागितलं न्हाय, आनि हिरीत रोज मागायचं, सोडू नगंस. मी म्हनायची, न्हाय सोडत. आनि हळूच सोडून द्यायची.

एकच गोष्ट मी डोस्क्यात घातली त्येंच्या. दमलं की झोंबायचं न्हाय. उतानं व्हायचं, हात पसरायचं आनि आभाळ बघायचं. पानी धरतंय आपल्याला. दम आला की पुन्यांदा हात मारायचं.

हां, तर आज परीक्षा. सायेब म्हंजी बाई हुती गं! तुज्यापरास बारकी आसंल, शर्ट-प्यांट, गळ्यात शिट्टी. पर ग्वाड बोलायची. डोळं तपासलं, पास. तोंडी इचारलं, पास. होडी चालवायला सांगितली. तिनं एक चेंडू पान्यात टाकला, म्हनली, हा मानूस पडलाय समजा, काढा. आबांनी इंजिन बंद केलं आनि होडी आशी अलगद त्या चेंडूला न्हेऊन टेकवली की सगळ्या काठानं टाळ्या वाजीवल्या. ती बाई म्हनली, बापूसाहेब, आता शेवटचं. जाकीट काढा आनि हितनं काठापर्यंत पवत जावा.

…मी? मी काठावर, बायांच्यात. तोंडाला पदर.

उडी मारली. न्हाय, उडी कसली, बदाककन पडलं! पर वर आलं. हात मारायला लागलं, एक, दोन… चांगलं चाललं हुतं गं. निम्म्यात आलं आनि एकदम थांबलं. हिरीला भिताड आसतंय की, वाईच हात टेकता येतोय. हितं चारी बाजूला निसतं पानी. ते बघितलं आनि घाबरलं. डोस्कं खाली, वर, खाली… शेजारच्या होडीचा सिद्धू म्हनला, बापूआबांना पेटका आला! ती बाई शिट्टी तोंडाला लावायला लागली. शिट्टी वाजली की संपलं, दुसरी होडी जाऊन वर काढनार, नापास.

मी उटले, आनि काय सुदीक कळलं न्हाय मला, गळा फाडून वरडले, “आवो, आभाळ बघा! आभाळ!”

…बाया माज्याकडं बघाय लागल्या, हिला काय झालं. निम्मी मानसं आभाळाकडं बघाय लागली, काय आलंय म्हनून! आनि तिकडं आबा झालं उतानं. हात पसरलं. पडून ऱ्हायलं पान्यावर, निवांत, बाजंवर पडल्यावानी. तेवढ्यातच कुन्या मूर्खानं व्हिडिओ काढला बघ, आनि बुडाले म्हनून टाकला. बुडाल्याला पोट वर आसतंय व्हय!

…न्हाय, शिट्टी न्हाय वाजवली. ती बाई शानी हुती. शिट्टी तोंडातच ठिवली आनि बघत ऱ्हायली. मंग आबा वळलं, सावकाश हात मारत मारत आलं. चिखलात गुडघं टेकलं आनि तितंच बसून ऱ्हायलं. म्या काय गेले न्हाय जवळ.

पास! पास गं, सौरभला सांग, पास! परवाना येतोय आठ-पंधरा दिसांत, पर तवर चालवायला तिनं चिट्टी दिलीया.

आनि ऐक, ती बाई म्हनली, “मध्येच का थांबलात?” तर ह्ये भर काठावर, सगळ्या जमावाम्होरं म्हनलं, “दमलो हुतो म्याडम. दमल्यावर थांबायचं. मला बायकूनं शिकवलंय पवायला, ह्याच महिन्यात.” मी आपली खाली मुंडी… लाज कसली, मला आसं वाटलं की…जाऊ दे. तुला कळलं की.

आनि मगाशी, तुज्या फोनच्या वाईच आदी, सिद्धू आलता दारात. येवढा थोराड गडी, बारकं तोंड करून उभा. त्याची परीक्षा पुढल्या आठवड्यात. म्हनला, “काकू, रंगूआत्याच्या हिरीला पानी हाय का आजून?”… मंग! त्यालाबी न्हाय येत! आनि म्हनला, आजून तिघं हायत…

थांब गं… ह्ये कवा गेलं काठावर? हाक मारत्यात. आवो, काय?… आत्ता?… स्वयपाक कोन करनार?… आगं, म्हनत्यात, चल, फेरी मारून आनतो.

…न्हाय गं. मी कवा बसले होडीत? डबा न्हेऊन दिला, डिझेल न्हेऊन दिलं, मासं उतरून घेतलं. आत न्हाय बसले कदी. त्येंनी म्हनलं न्हाय आनि म्या इचारलं न्हाय… तू म्हनतीस जाऊ? ह्या आसल्या लुगड्यावर?… बरं. ग्यास बंद करते. झाकून ठिवते, मांजर हाय… आले वो!

हां, चालतच बोलते… जाकीट धरून उभं हायत. नेम म्हंजी नेम, म्हनत्यात… आवो, पट्टा पदरावर बसना, जरा वडा… हां. आनि मला हितल्या हितं फिरवून आनायचं न्हाय, सांगून ठिवते. पुन्याच्या मानसांना जितं न्हेता तितवर न्यायचं…

स्वरूपा, बसले गं. पुढच्या फळीवर, जितं गिऱ्हाईक बसतंय तितं… बाई, हालतीया की ही!… न्हाय, भ्या न्हाय वाटत… इंजिन सुरू झालं, आयकू येतंय का?… निघाली, निघाली… आगं, आपलं घर हितनं केवढंसं दिसतंय! दारातली बाज दिसतीया, दोरीवरचा टावेल दिसतोय… आबा म्हनत्यात, रोज हितनं बघतो… काय वो? काय बघता?… हॅलो?… स्वरूपा?… हॅलो…