गोदावरीतला लाल दगड

नक्की आठवत नाही, पण निवृत्तीनंतर दगड घासून, पॉलिश करून विकू लागलो, तेव्हाचं ते पहिलंच गिऱ्हाईक असावं. तलवाड्याचा एक मेंढपाळ गेवराईच्या बाजारात माझ्याकडून लाल अकीकाचा खडा घेऊन गेला. तो मी स्वतः गोदावरीच्या पात्रात वेचला होता. घरी आल्यावर शंका आली, ती काच तर नसेल? रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस लोकांना काच विकतो की काय?

दोन दिवस चैन पडेना. तिसऱ्या दिवशी तलवाडा गाठलं. दगड त्याच्या मेंढ्याच्या गळ्यात बांधलेला.

"हा परत द्या," मी म्हणालो. "दुसरा आणलाय. व्यापाऱ्याकडच्या खात्रीच्या गोट्यातून कापलेला."

"कावून? ह्यो खराब हाय का?"

"नक्की सांगता येत नाही."

"सर, मला दोन्ही सारखेच दिसतेत. मेंढ्याला बी काई फरक पडत न्हाई. तुमाला झोप लागत असंल तर बदला."

मी बदलला.

काही वर्षांनी तो परत आणलेला दगड आणि खात्रीच्या गोट्याचा उरलेला तुकडा, दोन्ही तपासून घेतले. गोदावरीतला अस्सल अकीक निघाला. मेंढ्याच्या गळ्यात मी काच बांधून आलो होतो.