अजून केबल मुरायची आहे

मंडळी, मागं उभे आहात त्यांनी पुढं या. खुर्च्या आहेत. तुम्ही तारनाक्यातून आलात, कुकटपल्लीहून ट्रॅफिकमध्ये अडकत आलात. आमच्या मनोहर दाजींच्या शोकसभेला आलात. घरच्यांच्या वतीनं हात जोडते. मी सुनंदा, त्यांची मेहुणी. त्यांची बायको कुसुम माझी थोरली बहीण, माझी अक्का. मला बोलता येईल की नाही, माहीत नाही. रडू येतंय म्हणून नाही. राग आलाय म्हणून.

आतापर्यंत सगळे छान बोलले. दाजी रेल्वेतून रिटायर झाले, शांत होते, रसिक होते. दर रविवारी तुमचं मंडळ त्यांच्या घरी गाणी ऐकायला जमायचं. सगळं खरं. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ती मी बोलणार आहे. वाईट वाटलं तर वाटू द्या.

दाजींकडं एक कॅसेट होती. ते रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचे तेव्हाची. आबिड्सच्या बाजारातून नवा टेपरेकॉर्डर आणला होता. अक्का भाजी चिरता चिरता गात होती, आणि दाजींनी गुपचूप बटण दाबलं. गाणं आहे, मधेच कुकरची शिट्टी आहे, आणि शेवटी अक्का ओरडते, "अहो, तुम्ही हे काय लावलंय? बंद करा आधी!" तेव्हा आम्ही ऐकून पोट धरून हसलो होतो. आता अक्का नाही. तिचे फोटो ढीगभर आहेत. आवाज तेवढाच.

ती गेल्यावर मी म्हटलं, दाजी, लावा ना एकदा. ते म्हणाले, "थांब सुनंदा. फीत जुनी झालीय. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा तुटेलही. वाजवायची तर नीट वाजवू." मला पटलं. का नाही पटणार? माणूस बायकोचा आवाज जपत होता.

मग नीट वाजवायला म्हणून ती नवी केबल आली. अंगठ्याएवढी जाड, अॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी. जो विकायला आला होता तो म्हणाला, "अभी कच्ची है साब. पकने देव. जल्दी नक्को करो." आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या! मुरायला हवी, बरेच दिवस तिच्यातून आवाज वाहू दिला की मगच सूर स्वच्छ येतो, म्हणालात. लोणचं मुरतं तशी केबल मुरते म्हणालात. मुरेपर्यंत तिच्यावर महत्त्वाचं काही वाजवायचं नाही, हा तुमच्या मंडळाचा नियम.

मग काय? दिवसभर घरात ती खरखर. गाणं नाही, नुसती खरखर. केबल मुरवायची खास सीडी असते म्हणे! दार लावून दाजी फिरायला जायचे आणि रिकामं घर खरखरत बसायचं. समोरच्या लक्ष्मम्मा मला विचारायच्या, "नळ फुटला का हो तुमच्या दाजींचा?" मी काय सांगणार? तार मुरतेय, असं सांगू?

केबल जमिनीला लागू नये म्हणून खाली लाकडाचे ठोकळे आले. कामाच्या बाईनं फरशी पुसताना केबल हलवली. झालं, पुन्हा कच्ची! म्हणजे पुन्हा खरखर. ती मुरली तोवर तुमच्यातल्या कुणीतरी सुचवलं, प्लगची वायरही बदला. बदलली. मग ती मुरायची. दर वेळी मी विचारायची, दाजी, आता? दर वेळी ते म्हणायचे, "थोडं थांब." ते कुणावर चिडायचेसुद्धा नाहीत. मी चिडायची.

आणि आता सगळ्यात वाईट ते सांगते. दाजी दवाखान्यातून घरी आले. अंगात ताकद नव्हती. खुर्चीत बसले आणि आपण होऊन म्हणाले, "सुनंदा, कॅसेट काढ. आता लावू." मी कपाटातून काढली. हातात होती माझ्या! तेवढ्यात पाठकसाहेब भेटायला आले. हो, पाठकसाहेब, तुम्ही. खाली बघू नका. तुम्ही तब्येत विचारली, खुर्ची ओढली आणि म्हणालात, "घर बंद होतं ना इतके दिवस? मेन स्विच बंद होता? मग केबल परत कच्ची झाली, मनोहरराव. एवढे थांबलात, आता घाई कशाला?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "ठेव आत." मी भांडले. "मरू दे ती केबल," म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, "तुझी अक्का एकदाच बोलणार आहे गं. नीट ऐकू दे मला." त्याच आठवड्यात ते गेले. खरखर चालूच होती. मी जाऊन बंद केली.

तुम्ही वाईट माणसं नाही. दवाखान्यात डबे आणलेत, रात्री थांबलात, खांदा दिलात. म्हणून तर जास्त राग येतो! एवढी शिकलेली माणसं, एकाच्याही तोंडून निघू नये, की मनोहरराव, वाजवून टाका? केबल मुरली की नाही हे ओळखायला तुमचे कान तयार होते. समोरचा माणूस संपत चाललाय, ते कुणाला ऐकू आलं नाही?

आणि दाजी, राग तुमच्यावरही आहे. अक्का तुमच्याशी जन्मभर स्वयंपाकघरातून ओरडूनच बोलली. शिट्टीत, फोडणीच्या आवाजात. तेव्हा तुम्हाला सगळं नीट ऐकू यायचं. मग आताच काय कमी पडत होतं हो?

हा बघा तोच टेपरेकॉर्डर. माळ्यावर होता, इतकी वर्षं. काल नवे सेल घातले, दुसरी कॅसेट लावून पाहिली, चालतो. आत आता अक्का आहे. मी अजून ऐकलेली नाही. नीट वाजेल, अडकेल, तुटेल, मला माहीत नाही. तुटली तर तुटली.

आता सगळ्यांनी उभं राहा. शांत राहा. दाजींचा फोटो आहे, त्याच्याकडं बघा, आणि अक्का 'बंद करा' म्हणेपर्यंत कुणी बोलू नका. पाठकसाहेब, तुम्ही इथं पुढं येऊन उभे राहा.

दाजी, नमस्कार करते. केबल नाहीच इथं. ऐका.